हलका हात

"हात सैल सोडायचा, बाई. ही बस नव्हे. हातात पाखरू आहे असं समजायचं. आवळलंस तर मरेल, सोडलंस तर उडून जाईल."

मास्तरांचं हे सांगणं ड्रायव्हरबाईंच्या कानात अजून घुमत होतं. आणि विमान शिकवणाऱ्या क्लबच्या खिडकीबाहेर ते पिवळं विमान एका पंखावर कलंडून गवतात पडलं होतं. डावं चाक पोटाखाली दुमडलेलं, पुढच्या पंख्याचं एक पातं वाकलेलं. तरी पुढच्या जागेवरच्या बाई आणि मागच्या जागेवरचे मास्तर आपापल्या पायांनी चालत आले होते. बाईंच्या कपाळावर एक टेंगूळ, बस्स.

बाई आठवडाभर शहरात बस चालवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी इथे विमान शिकायच्या. बसचं चाक धरून धरून मनगटं लोखंडी झालेली, त्यामुळे त्यांच्या हातात विमान नव्या वासरासारखं उड्या मारायचं. मास्तर कधी चिडले नाहीत. देवानं त्यांना धीर मापून नव्हे, ओतून दिला होता. निम्म्या प्रदेशाला त्यांनी उडायला शिकवलं होतं.

आज उडतानाच धावपट्टीच्या टोकाला डावं चाक खड्ड्यात आपटलं. खालून क्लबच्या मिस्त्रीनं ते पाहिलं आणि रेडिओवर कळवलं. विमानातले हेडफोन इतके जुने, की शब्दाचं पहिलं अक्षर जकातीत कापून घ्यायचे. मिस्त्री "चाक, चाक" म्हणून घसा फोडत होता आणि बाईंना नुसतं "क, क" ऐकू येत होतं. शेवटी त्यानं मैदानात उभं राहून पाय वाकडा करून दाखवला, तेव्हा उमज पडली.

आता तोच मिस्त्री येईल त्याला धरून धावपट्टीवर नेत होता. उजव्या चाकाची एकसारखी रेघ दाखवत होता. कुठे उडी नाही, कुठे फरपट नाही.

"तुटलेली विमानं जोडण्यात माझा जन्म गेला," तो म्हणत होता, "पण असं उतरणं पाहिलं नाही. आईनं निजलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं, तसं ठेवलंय."

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानेही रेघ पाहून टोपी काढली. आत येऊन त्यानं विचारलं, विमान उतरवलं कुणी?

"मास्तरांनी," बाई म्हणाल्या.

मास्तर तेव्हा बाहेर विमानाजवळ होते. बाईंना जराही अडखळावं लागलं नाही, कारण ते खरंच होतं. मास्तरांची शिस्त साधी होती. आकाशात बोलणं थोडकं. ते "माझं" म्हणाले, की शिष्यानं "बरं" म्हणून हात उचलायचे. ते "तुझं" म्हणाले, की "बरं" म्हणून धरायचं. दोघांपुढे विमान वळवायचा एकेक दांडा, एक हलला की दुसराही हलणार. आजही पट्टी समोर आली, बाईंनी इंजिन मंद केलं, तोच हेडफोनमध्ये मागून मास्तरांचा आवाज आला. बाई "बरं" म्हणाल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या. समोरचा दांडा हळूच मागे आला, जरा उजवीकडे झुकला, तिथेच ठरला. काय तो हात, असं त्यांच्या मनात आलं. मरायचंच असेल तर अशा हातून मरावं.

आणखी एका कारणानं बाईंना बरं वाटत होतं. मास्तरांची नजर आता अधू झाली, असं त्यांच्या बायकोनं घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हा मास्तरांनी तिला शब्द दिला होता, की ही शेवटची शिष्या. ज्या दिवशी ती माझा हात न लागता उतरेल, त्या दिवसापासून मी जमिनीवर. तेव्हापासून प्रत्येक वेळी उतरताना ऐनवेळी मास्तर "माझं" म्हणायचे. मिस्त्री टोमणे मारायचा, की मास्तर बाईंना उतरू देत नाहीत, घरी भाजी निवडायला बसावं लागेल म्हणून. मास्तर गालात हसायचे. बाईंचीही तक्रार नव्हती. आपण शिकायचं आणि असा माणूस आकाशातून खाली यायचा, हे पाप त्यांना नको होतं. आज तरी ते टळलं होतं.

अधिकारी गेला. मास्तर आत आले. त्यांनी खिशातून विमान ठेवायच्या हँगरची किल्ली काढली आणि बाईंच्या तळहातावर ठेवली.

"ही आता तुझ्याकडे. मी निघालो. ती वाट बघत असेल."

"असं काय बोलता, मास्तर? आज तुम्ही नसतात तर आपण दोघंही नसतो. तो अधिकारीसुद्धा तेच म्हणाला."

"तू त्याच्यापुढे माझं नाव घेतलंस, ते कळलं मला. मोठं मन आहे तुझं. पण घरी तिच्यापुढे खोटं चालायचं नाही." मास्तरांनी बाईंच्या डोक्यावर हात ठेवला. "वरून बघितलं तर पट्टीच दिसेना मला, बाई. सगळं धुरकट. म्हणून तर 'तुझं' म्हणालो. तू 'बरं' म्हणालीस, आणि मी हात जोडून डोळे मिटले, ते थेट गवतात आल्यावर उघडले."

एवढं बोलून त्यांनी टोपी घातली आणि बायकोला दिलेला शब्द पाळायला ते सावकाश घराच्या वाटेला लागले.