आईची मुलाखत

“हे सगळं तुम्हीच सांगितलंत ना?” मॅडमनी आठ पानांचा निबंध टेबलावरून पुढे सरकवला. “मला हे लिखाण जरा जास्तच गुळगुळीत वाटतंय.”

आई खुर्चीच्या कडेवर टेकली होती. शिलाईचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आलेली, खांद्यावर निळ्या दोऱ्याचा तुकडा तसाच. मुलगा तिच्यामागे मान खाली घालून उभा. मॅडमनी वर्गाला दिलेलं काम सोपं होतं: घरातल्या कष्टकरी माणसाशी तीन संध्याकाळी बोला, त्याच्याच शब्दांत लिहा, शेवटी त्याची सही घ्या. लबाडी ठरली तर वर्ष गेलं.

पहिल्या संध्याकाळी आईने मशीन लवकर बंद केलं होतं. केस विंचरून ती त्याच्यासमोर बसली होती. “विचार, काय विचारायचंय ते.” मोबाइलमधून मान वर न करता तो “नंतर” म्हणाला. खरं कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. आई बोलून बोलून बोलणार काय? चेन बदलणं, पँट आखूड करणं, आणि तिची ती लाडकी कात्री, जी घरात दुसऱ्या कुणाच्या हाताला म्हणून चालत नसे. असलं विद्यापीठात दाखवायचं? त्याला आईची लाज वाटली. मग त्याने एआयला चार ओळी सांगितल्या आणि दोन मिनिटांत एक झकास आई तयार झाली. सही घ्यायची तर तिला ते वाचायला द्यावं लागलं असतं. म्हणून ती जागा कोरी सोडली, आणि तिथेच माशी शिंकली; मॅडमनी आईलाच बोलावून घेतलं.

मॅडम मोठ्याने वाचू लागल्या, “‘उजव्या हातात कात्री आली, की माझ्या अंगात दहा जणींचं बळ येतं.’ हे तुमचं वाक्य?”

मुलाने चमकून मान वर केली. निबंध त्याने स्वतःही धड वाचला नव्हता.

आईने वळून त्याच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

“हो,” ती म्हणाली. “मीच बोलले.”

“मग इथे सही करा.”

आईने डाव्या हाताने पेन उचललं. कागदापाशी तो हात थबकला. तिने पेन उजव्या हातात घेतलं आणि एकेक अक्षर ओढत सही केली. सही घसरत पार खाली गेली.

मॅडमचा आवाज मऊ झाला. “लिहायची सवय नाही वाटतं?”

“नाही हो, आम्ही कुठे शिकलेल्या!” आई हसली. दुकानाच्या वहीत गिऱ्हाइकांची मापं मोत्यासारख्या अक्षरात लिहिणारी आई.

धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. पण धरणी कुठली घेते? त्याने हात पुढे करून तो निबंध आपल्याकडे ओढला.

“मॅडम,” तो म्हणाला, “माझी आई डावखुरी आहे.”