शहाऱ्याची शिफारस

या आठवड्यात नव्या स्वतंत्र गायकांची चाळीस गाणी आली होती. अनघा टिपणीस मनगटावर पट्टी बांधून ती ऐकत होती. एखादं गाणं ऐकताना तिच्या अंगावर शहारा आला, की पट्टी हिरवी व्हायची आणि ते गाणं त्याच क्षणी लाखो श्रोत्यांकडे शिफारस म्हणून जायचं. तिचं मत कुणी विचारत नसे. मत चुकतं, शहारा चुकत नाही, असं गाणी ऐकवणाऱ्या तिच्या कंपनीचं म्हणणं होतं.

आज मात्र गाणी नुसतीच कानावरून जात होती. भावाचं ऑपरेशन सकाळपासून चालू होतं आणि ती सारखी मोबाइल बघत होती. तेविसावं गाणं चालू असताना वहिनीचा मेसेज आला, "शुद्धीवर आलेत. तुमचं नाव घेतलं." अनघाच्या अंगावर सरसरून काटा आला. पट्टी हिरवी झाली.

निवडीच्या मेसेजसोबत गायकाला अनघाचा नंबरही जायचा. पाचच मिनिटांत गायिकेचा फोन आला. "ताई, मी मिरजेहून रेहाना मुजावर बोलतेय. नऊ वर्षं गातेय, पहिल्यांदाच निवड झाली! कुठली ओळ आवडली तुम्हाला?"

अनघा खुर्चीतून उठली, परत बसली. काहीतरी गोड बोलून फोन ठेवता आला असता.

"मी ऐकलंच नाही गं," ती म्हणाली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

रेहानाने विचारलं, "दादा बरे आहेत ना आता?"

"हो."

"मग निवड रद्द करा, ताई. आणि गाणं आता ऐका."

अनघाने निवड रद्द केली आणि गाणं पहिल्यापासून लावलं. पट्टी शेवटपर्यंत काळीच राहिली. तिने ती काढून ठेवली आणि तेच गाणं पुन्हा लावलं.