सोफ्यावरची ऊब

नवराबायको दोघेही खगोलशास्त्रज्ञ, पण आकाश मात्र दोघांचं वेगळं. तो क्ष-किरणांतून लाखो अंशांवर धगधगणारे वायू पाहायचा आणि ती अवरक्त किरणांतून धुळीत दडलेल्या ताऱ्यांची मंद ऊब टिपायची. "कोमट गोष्टींत कसलं आलंय विज्ञान!" असं तो तिला कायम चिडवायचा.

डॉक्टरांनी त्याला जेवल्यावर आडवं व्हायला सक्त मनाई केली होती. "आज लोळलास, तर उद्यापासून पहाटे माझ्या बाबांबरोबर पळायला जायचं," असा दम देऊन ती कामावर गेली. तिचे बाबा म्हणजे निवृत्त कवायत मास्तर!

तो अर्थातच दुपारभर सोफ्यावर पसरला. संध्याकाळी तिचा फोन आला. "निघालेय. नवा अवरक्त कॅमेरा आणतेय, घरीच तपासून बघू."

तो ताडकन उठला. सोफ्याची ऊब त्या कॅमेऱ्यात चुगली करणार! त्याने फ्रीजमधून बर्फाच्या पिशव्या काढल्या आणि जिथे जिथे अंग टेकलं होतं, तिथे तिथे डोक्यापासून टाचांपर्यंत अगदी मन लावून फिरवल्या.

"लोळलास ना?" आल्या आल्या तिने विचारलं.

"छे गं! दुपारभर पाठ टेकली असेल तर शपथ!"

तिने कॅमेरा सोफ्याकडे वळवला, क्षणभर पाहिलं आणि हसू दाबत पडदा त्याच्यासमोर धरला.

 

केशरी सोफ्यावर, एक पाय लोडावर टाकून, एक गारेगार निळा नवरा ढाराढूर झोपला होता.