मखमलीवरचं ठिगळ

कल्पना करा हं, मुलांनो: बैठकीत व्हिक्टोरिया राणीच्या काळातली नक्षीदार मखमली खुर्ची, पायाशी रंगीत गोधडी, वर बांबूचा दिवा. शाल्मलीच्या आईने हे सगळं हौसेने जमवलं होतं. खुर्चीच्या हातावरची मखमल फाटली होती, तिथे फुलाफुलांचं ठिगळ लावलं होतं.

पहिल्यांदाच घरी आलेली शाल्मलीची नवी मैत्रीण खुदकन हसली. "अगं, राणीचं सिंहासन आणि ठिगळाचं?"

"आमचं नाही गं," शाल्मली घाईने म्हणाली, "घरमालकांचं आहे."

सरबत घेऊन आई दारातच उभी होती. "हो, मालकांचंच," ती हळूच म्हणाली. "जपून बसा."

आपल्यासाठी आई खोटं बोलली! शाल्मलीची मान वर होईना.

मग तिने आईच्या हातातला ट्रे घेतला, आईला खुर्चीत बसवलं आणि मैत्रिणीला ठिगळ दाखवलं. "खुर्ची आमचीच आहे. हा माझा बालवाडीतला फ्रॉक."