चांगल्या बातमीची शिट्टी

तार आली की नागावात आधी रडारड व्हायची, वाचन मागाहून. म्हणून बसऱ्याच्या लढाईतून परतलेल्या धर्मा पोस्टमननं रीत पाडली: बातमी चांगली असेल तर वेशीपासूनच पलटणीतली शिट्टी फुंकत यायचं. गावानं त्यातून भलतंच घेतलं. धर्मा नुसता चालताना दिसला, तरी घराघरांत गळे काढले जाऊ लागले.

आजची तार ठमाबाईची होती; तिचा खलाशी लेक बुडाला होता. तिचं घर अगदी शेवटचं, समुद्राकडेला. वाटेतल्या बायांना उगाच घोर नको म्हणून धर्मा शिट्टी फुंकत निघाला, तिच्या कुंपणाअलीकडे थांबवू म्हणून.

सगळी घरं ओलांडून शिट्टी आपल्याचकडे येतेय हे ऐकून ठमाबाई धावतच सामोरी आली.

"तार मंग वाच, धर्मा. आदी आ कर," म्हणत तिनं त्याच्या तोंडात गूळ कोंबला.