इस्त्री केलेला झगा

पाडकामाची गाडी खाडीच्या वळणावर दिसली तेव्हा शांताबाई बेनभाऊंच्या दारात झगा घेऊन उभी होती. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. कोळशाची इस्त्री तिने नाक्यावरून मागून आणली होती.

"घाला, फादर."

मालाडच्या त्या वस्तीत एरवी त्यांना सगळे बेनभाऊच म्हणत. नळावर भांडण झालं की बेनभाऊ, पोराला ताप चढला की बेनभाऊ. पोलीस आले की मात्र फादर. सहा वर्षांपूर्वी चर्चच्या वरिष्ठांचा हुकूम आला होता, वस्ती सोडा आणि शाळेवर रुजू व्हा. त्यांनी वस्ती ठेवली आणि फादरपण सोडलं. त्यांच्या खोलीत भरतीचं पाणी शिरायचं, म्हणून झग्याची ट्रंक शांताबाईच्या माळ्यावर गेली. ती त्यांनी पुन्हा कधी मागितली नाही.

"मी आता फादर नाही, शांताबाई. तुम्हाला माहीत आहे."

"मला हाय. त्या सायबाला कुठं हाय? गेल्या महिन्यात पल्याडच्या वस्तीत दोन फादर झगे घालून उभे राहिले, तर गाडी गुमान परत गेली. हितं पयलं घर माझं हाय."

"मी उभा राहणारच आहे. पण असाच. जे सोडलं ते घालून नाही."

"असे तर आमी बी उभे राहतो की. मार पण खातो आणि घर पण जातं." तिने झगा आणखी पुढे केला. "तुमचं मन मोठं हाय, फादर. माझं घर लहान हाय."

ते बेनभाऊंना लागलं. चेहरा उतरला, पण हात काही पुढे झाला नाही. माणूस भलता हट्टी. शांताबाईने झगा पोटाशी धरला आणि तरातरा निघून गेली.

गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. पहारी घेऊन माणसं उतरली, मागून चार पोलीस, शेवटी साहेब. बेनभाऊ पायजमा आणि विटक्या शर्टात वाटेत आडवे उभे राहिले.

"तुम्ही कोण?" साहेबाने विचारलं.

"इथे राहतो."

"मग बाजूला व्हा."

हवालदाराने त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलंसुद्धा. पहारवाले पुढे सरकले आणि पहिल्याच घरापाशी थबकले.

दारात शांताबाई उभी होती. लुगड्यावरून झगा चढवलेला, बाह्या बोटांच्या खाली लोंबताहेत, एक काज चुकल्यामुळे सगळी बटणं तिरकी. खालचा घेर चिखलात लोळत होता.

"हे काय सोंग आहे, बाई?" साहेब म्हणाला.

"सोंग कसलं? मी बौद्ध हाय, विधवा हाय, शहात्तरच्या झोपड्यांच्या मोजणीतली हाय. सरकारनंच दिलेला माझा फोटोपास तुमी बघत न्हाय. झगा बघता म्हनं. म्हणून घातला. लावा हात."

मागच्या बायकांत कुणीतरी हसलं. साहेबाला हसू आलं नाही. पहारवाले त्याच्याकडे बघत राहिले, आणि तो गल्लीत जमत चाललेल्या गर्दीकडे.

बेनभाऊंनी दंड सोडवून घेतला आणि ते सरळ शांताबाईकडे निघाले. आता बेनभाऊ तिला झगा उतरवायला लावणार, असं सगळ्यांनाच वाटलं. तिलाही वाटलं. तिने हनुवटी वर केली.

"काढणार न्हाय," ती म्हणाली.

बेनभाऊ तिच्यासमोर चिखलात गुडघ्यांवर बसले. झगा तिला वीतभर लांब होत होता, पळापळ झाली असती तर पायात येऊन ती पडली असती. त्यांनी घेर दुमडला. शर्टाचं वरचं बटण कधीच तुटलं होतं, तिथली सेफ्टी पिन काढून त्यांनी ती दुमडीला लावली, मग दुसऱ्या बाजूला स्वतःच्या हाताने गाठ मारली. दोनदा ओढून बघितली.

मग उठून तिच्या शेजारी दाराला पाठ लावून उभे राहिले. गळ्याशी शर्ट उघडा पडला होता.

"बटणं नीट लावून घ्या, शांताबाई," ते म्हणाले. "घाई नाही. साहेब थांबतील."