डाकघरातली राणी

"राणीला धनुष्य देता येत नाही," व्यायामाच्या खेळाच्या पडद्यावरून आवाज आला. "ती धनुर्विद्या कुठं शिकली, हे तुमच्या पूर्वकथेतून पटत नाही."

इंदुमती खेडेकरांनी नव्यानं कथा रचली. जंगल, गुरू, सात वर्षांची साधना. तरी आठ महिन्यांपूर्वी लुळा पडलेला त्यांचा उजवा हात खेळाला जोडलेल्या विजेच्या हातमोज्यात तसाच पडून राहिला.

"मावशी, कथेतलं कसब तुमच्या मेंदूला ओळखीचं वाटलं, तरच हा हातमोजा स्नायूंना जागं करतो," त्यांना व्यायाम देणारी शबाना म्हणाली. "तुम्ही स्वतः केलेलं काहीतरी राणीला द्या की."

"मी काय केलंय गं? चिपळूणच्या पोस्टात तीस वर्षं शिक्के मारले."

"मग तेच सांगा."

इंदुमतीबाईंनी जरा ओशाळूनच राणीला सिंहासनावरून उतरवलं आणि किल्ल्याच्या डाकघरात कारकून म्हणून बसवलं. टपालाचा गठ्ठा डावीकडे, शाईची गादी उजवीकडे, मनगट सैल. सांगता सांगता त्यांना शाईचा वास आला.

पडद्यावर शत्रूचा दूत युद्धाचा खलिता घेऊन उभा राहिला. बाईंनी राणीकरवी खलिता उलटसुलट करून पाहिला.

"पत्ता अपुरा आहे. परत न्या," त्या म्हणाल्या. त्यांचा उजवा हात चार बोटं वर उठला आणि टेबलावर ठप्पकन आपटला.

शत्रूचं सैन्य पत्ता शोधायला माघारी गेलं. डाकघरापुढे मात्र रांग लागली. दहाव्या शिक्क्याला शबानानं हातमोज्याची वीज हळूच बंद केली. बाईंना त्याचा पत्ताही नव्हता. अकरावा शिक्का मारून त्या रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावत होत्या.